दुमडीतली वजनं

ता. १४, मंगळवार
दुपारी तीन, दुकानातून

तीर्थरूप काका,

नमस्कार. वर सा. न. वि. वि. लिहायचं असतं एवढं शाळेतलं आठवतं. त्यातला एक 'वि' विनंतीचा. दुसरा कशाचा ते शिकवायच्या आत मी शाळा सोडली असणार. एक विनंती आहे हे मात्र खरं. ती पुढे येईलच.

मी टाचणी. हे नाव तुम्हीच ठेवलेलं. तोंडात कायम टाचण्या आणि अंगाने पण तशीच, म्हणून. दुकानात अजून हेच चालतं, गिऱ्हाइकं पण हीच हाक मारतात. अंग अजून तसंच आहे. तोंडाचं पुढे सांगते.

तुम्ही आणि काकू बरे असाल. झालरवाले सांगतात की तुमच्या दुकानात आता दोन मशीनं आहेत आणि तुम्ही सोफ्याची कव्हरं पण करता. ते झालर द्यायला आमच्याकडे येतात तेव्हा मी तुमच्याबद्दल काही विचारत नाही. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली की मशीनवरचा पाय आपोआप थांबतो.

आमच्याकडे पडद्यांचं काम चालू आहे. कापणं, शिवणं, लावायला जाणं, सगळं मीच करते. लावायला जाते तेव्हा शिडी आई धरते. बाबा टेबलापासून दोन हात लांब खुर्चीवर बसतात आणि लाकडी पट्टीने हवेत दाखवतात, इथे दुमड, इथे चुण्या. मास्तर झालेत अगदी.

बाबांचं तुम्हाला माहीतच आहे. झालरवाल्यांनी सांगितलं नसतं तर तुम्ही त्या दिवशी आलाच नसता. त्या दिवसाबद्दल लिहायलाच बसलेय. पण आधी बाकीचं लिहिते, हात जरा चालू होऊ दे.

मानेत आणि काखेत गाठी होत्या. आई 'गाठींचा आजार' म्हणते, बाबा सरळ कॅन्सर म्हणतात. किमोच्या सहा फेऱ्या द्यायच्यात, दर चार आठवड्यांनी एक. तीन झाल्या. गाठी निम्म्याच्या खाली आल्यात. डॉक्टर खूश आहेत, म्हणजे डॉक्टर माणूस जेवढा खूश होतो तेवढे. केस सगळे गेले. बाबा म्हणतात, पडदे काढलेल्या खिडकीसारखं वाटतं, उजेड फार येतो.

पण किमो गाठी मारते तशी रक्तातल्या चांगल्या गोष्टी पण मारते. त्यातल्या एकीचं नाव प्लेटलेट. आपल्याला कुठे खरचटलं की या तिथे जाऊन बसतात आणि भोक बुजवतात. धडधाकट माणसात दीड लाखाच्या वर असतात. बाबांच्या फेरीनंतर साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास तळाला जातात. दुसऱ्या फेरीनंतर अठरा हजार झाल्या होत्या. तिसरीनंतर एक तारखेलाच सात हजार. दहाच्या खाली गेल्या की दुसऱ्या कुणाच्या तरी काढून चढवाव्याच लागतात, कारण मग न लागता न कापता आतून रक्त यायला लागतं.

म्हणून घरात फार नियम आहेत. बाबांना सुई नाही, कात्री नाही, दाढीचं ब्लेड नाही. दात घासायला लहान पोरांचा मऊ ब्रश. नाक शिंकरायचं नाही, नुसतं टिपायचं. डोकं दुखलं तरी मनाने गोळी घ्यायची नाही, काही गोळ्यांनी उरलेल्या प्लेटलेट पण कामातून जातात. रोज सकाळी मी त्यांच्या नडग्या बघते. लाल पेनाने टिंबं टिंबं दिल्यासारखे ठिपके दिसले की दवाखान्याला फोन करायचा. बाबा म्हणतात, चाळीस वर्षं कात्रीवर पोट भरलं आणि आता कात्री दिसली की पोरगी ओरडते.

ओरडते. मी. विश्वास बसणार नाही तुमचा.

आणि फोन पण करते. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात बाबांच्या गटाचं रक्त असलेल्या आठ जणांची नावं आहेत. ती सगळी मी फोन करून मिळवलीत. पहिल्या दिवशी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं आणि वाचलं. मध्ये थांबलेच नाही, समोरच्याला हॅलो पण म्हणू दिलं नाही. सगळं वाचून झाल्यावर पलीकडून एक माणूस म्हणाला, "पोरी, हे केस कापायचं दुकान आहे." नंबर चुकला होता. मी ठेवणार तेवढ्यात म्हणाला, पुन्हा एकदा सांग, सावकाश सांग. त्याचा गट जुळला नाही, पण त्याने आरशाला चिठ्ठी लावली, तर आठातले दोघे त्याच्या खुर्चीतून आले.

हे सगळं गेल्या दहा-अकरा दिवसांतलं. त्याच्या आधी मी एकही फोन केला नव्हता.

बाबांचा डावा डोळा जरा बरा नाही. त्याचं नंतर लिहिते. गिऱ्हाईक आलं.


संध्याकाळी पाच

बाई खिडकीचं माप न घेताच आल्या होत्या. "अशी एवढी आहे" म्हणून दोन्ही हात पसरले. तसेच हात पसरून घरी जा आणि टेप लावा असं सांगावंसं वाटलं. उद्या जाऊन मीच घेईन.

तर वजनांचं सांगते.

प्लेटलेट द्यायला माणूस अठरा पूर्ण हवा आणि पन्नास किलो हवा. बाबांची तिसरी फेरी झाली त्याच आठवड्यात मला अठरा पूर्ण झाली. माझा गट बाबांचाच आहे. मला वाटलं झालं, आता कुणाच्या दारात जायला नको, कुणाशी बोलायला नको. आपल्या बाबांना आपण देऊ. फक्त मी साडेसेहेचाळीस किलो आहे.

पडद्याच्या खालच्या दुमडीत आपण शिशाची वजनं घालतो ना, पडदा सरळ पडावा म्हणून, ती पन्नास ग्रॅमची येतात. सत्तर घातली की साडेतीन किलो. मी बहात्तर घातली, काटा हलका असला तर म्हणून. माझा लांब स्कर्ट आहे निळा, जाड कापडाचा. त्याची दुमड उसवली, आतून दुहेरी पट्टी लावली, प्रत्येक वजनाला वेगळा खिसा केला म्हणजे एकमेकांवर आपटायला नको, आणि कंबरपट्ट्याला आतून जाड फीत लावली. काका, काम इतकं साफ झालं होतं की तुम्ही उलटून बघितलं असतंत तरी नावं ठेवली नसतीत. घरात सांगितलं, माणूस मिळालाय, उद्या अकराला येतो म्हणालाय. आईने कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, झालरवाल्यांच्या ओळखीचा.

गुरुवारी, दोन तारखेला, सकाळी साडेनऊला रक्तपेढीत गेले. चालताना स्कर्ट अजिबात हलत नव्हता. वाऱ्याने सुद्धा नाही. काट्यावर पन्नास पूर्णांक एक आलं. तिथल्या बाईंनी आकडा लिहिला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आकड्याकडे बघितलं.  रक्त तपासायला घेतलं, तासभर बाकावर बसायला सांगितलं. प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार निघाल्या. कात्री चालवून हाताच्या शिरा पण चांगल्या जाड आहेत. बाई म्हणाल्या, चल.

तिथे असं असतं की तुम्हाला आरामखुर्चीत आडवं करतात. हातातून रक्त निघतं, मशीनमध्ये गरगर फिरतं, मशीन त्यातल्या प्लेटलेट पिशवीत बाजूला काढतं, पिवळसर दिसतात, आणि बाकीचं रक्त तुमचं तुम्हाला परत. सव्वा-दीड तास लागतो. ती पिशवी पाच दिवसच टिकते, ती पण सारखी हलत्या ताटात ठेवावी लागते. म्हणून साठवून ठेवता येत नाही, ज्या त्या वेळी माणूसच लागतो.

बाईंनी नळ्यांचा नवा संच फोडून मशीनला लावला. मला म्हणाल्या, पाय वर घे. मी पाय वर घेतले. स्कर्टचा घेर खुर्चीच्या लोखंडी कडेवर आपटला आणि असा आवाज आला की शेजारच्या खुर्चीतला माणूस डोळे उघडून बघायला लागला.

बाईंनी दुमड हातात घेऊन दाबून बघितली. एकेक खिसा चाचपत पुढे गेल्या, माळ ओढल्यासारख्या. मग म्हणाल्या, "हे कुणी शिवलं?" मी म्हटलं मी. म्हणाल्या, "शिवण चांगली आहे. आता ऊठ."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की पन्नासचा नियम आमच्या हट्टासाठी नाही. एवढ्या लहान अंगातून तेवढं रक्त एका वेळी बाहेर फिरवलं तर देणारा तिथेच आडवा होतो. मग मी एक पेशंट वाचवू का दोन सांभाळू, असं म्हणाल्या. फोडलेला संच टाकून द्यावा लागला. दीडला मशीन दुसऱ्या पेशंटसाठी लागणार होतं. चालू असलेलं मशीन ते एकच. त्या दिवशी पेढीत बाबांच्या गटाची एक पण पिशवी नव्हती.

बाईंनी विचारलं, दुसरं कुणी आहे का, लगेच येईल असं?

मी नाही म्हटलं.


ता. १५, बुधवार
सकाळी आठ

काल तिथेच थांबले. पुढचं लिहायचं होतं म्हणून थांबले हे तुम्हाला कळलंच असेल, कारण त्याच्या पुढचं तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. पण तुम्हाला माहीत आहे ते अर्धं आहे.

वजन करून मी बाकावर बसले होते, रिपोर्ट यायचा होता. साडेदहा वाजले असतील. तुम्ही जिन्याने वर आलात. केस पांढरे झालेत तुमचे. मी तुम्हाला चालण्यावरून ओळखलं, अजून तसेच डावा खांदा पुढे काढून चालता, शिडी खांद्यावर असल्यासारखे. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तुम्ही म्हणालात, "टाचणी ना तू? दादा कसा आहे? माझा गट तोच आहे, मी देतो."

सात वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात आणि मी जे बोलले ते मला रोज ऐकू येतं.

मी म्हटलं, "गरज नाही. माणूस मिळालाय."

 मी तुमच्या चपलांकडे बघत होते. मग तुम्ही ते गुंडाळलेलं माझ्या शेजारी बाकावर ठेवलंत, दादाला पाठीला घ्यायला दे म्हणालात, आणि गेलात. मला उठून मागे यायचं होतं असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मला तेव्हा फक्त तुम्ही लवकर जावंत असं वाटत होतं. आणि अंगावर साडेतीन किलो शिसं होतं, पळता आलं पण नसतं.

पाऊण तासाने बाईंनी मला खुर्चीतून उठवलं. तेव्हा तरी तुम्हाला फोन करायचा. तुमचा नंबर झालरवाल्यांकडे होता, झालरवाल्यांचा नंबर माझ्याकडे होता. त्यांना विचारावं लागलं असतं, मग तुमच्याशी बोलावं लागलं असतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून स्कर्टची दुमड उसवत बसले. एकेक वजन काढून पिशवीत टाकलं. बहात्तर मोजली.

घरी जाऊन सांगितलं, तो माणूस आलाच नाही. आईने पेढीला फोन केला, दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. दुपारी चारला बाबांचं नाक फुटलं. नाकपुडी दाबून दाबून आईची बोटं आखडली तरी थांबेना. दवाखान्यात नेलं, तिथे नाकात कापूस कोंबून दोन तासांनी थांबलं. मोजल्या तर सहा हजार. संध्याकाळी बाबा म्हणाले, डाव्या डोळ्यासमोर कुणीतरी तपकिरी पडदा लावलाय. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला रक्त आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्याच लिफ्टवाल्याने प्लेटलेट दिल्या. काम संपवून आला आणि खुर्चीत झोपला.

डोळ्यातलं रक्त हळूहळू शोषलं जाईल म्हणतात. महिने लागतील. सगळं जाईलच असं लिहून देत नाहीत. बाबा अजून डाव्या डोळ्याने माणूस आहे एवढंच सांगू शकतात, कोण ते नाही. कापडावरची खूण दिसत नाही. तुम्ही दिल्या असत्यात तर हे झालंच नसतं असं डॉक्टर म्हणालेले नाहीत, मी त्यांना विचारलेलंच नाही. पण मला आकडे कळतात. तुम्ही साडेदहाला आला होतात, दुपारपर्यंत पिशवी तयार झाली असती.

आणि अजून एक. त्या रात्री आई म्हणाली, परके येतील म्हणून बसलोय आणि सख्खा भाऊ गावात असून फिरकत नाही. झालरवाल्यांनी सांगितलं असेलच की त्याला, म्हणाली. बाबा म्हणाले, असू दे. मी ताटं उचलून मोरीत नेली. तुमची उशी तेव्हा कापायच्या टेबलाखाली अस्तराच्या गठ्ठ्यामागे होती. मीच लपवली होती.


दुपारी बारा

का केलं ते लिहायला सकाळपासून टाळते आहे. दोन पडदे शिवून झाले तेवढ्यात.

मला वाटलं होतं की मीच दिल्या पाहिजेत, म्हणून. हे खरं आहे पण पुरतं नाही. खरं असं की तुम्ही आणि बाबा बोलायला लागलात तर सभागृहाच्या पडद्याचं निघणार, याची मला भीती होती.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आपला जुना टेप टोकाला तुटलेला होता, म्हणून बाबांची पद्धत अशी की दहाच्या आकड्यावर धरायचं आणि आलेल्या मापातून दहा वजा करायचे. तुम्ही नवा टेप आणलात. सभागृहाचं माप नव्या टेपने घेतलंत, वरचं टोक शिडीवरून मीच धरलं होतं. दुकानाच्या दारापर्यंत आलात, तुम्हाला अजून एका ठिकाणी जायचं होतं, म्हणून वही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "दादाला सांग, नव्या टेपचं माप आहे, दहा वजा करू नकोस म्हणावं."

मी आत गेले. बाबांशी दोन गिऱ्हाइकं बोलत होती. मी वही टेबलावर ठेवली आणि मागे उभी राहिले. ती जातील मग सांगू. ती जाईनात. मग आईने हाक मारली. मग मी टाचण्या तोंडात धरून अस्तर लावायला बसले आणि तोंडात टाचण्या असल्या की कुणी काही विचारत नाही, ते मला आवडायचं. बाबांनी सवयीने दहा वजा केले आणि सगळी मखमल कापली.

उद्घाटनाच्या दिवशी पडदा अर्धी वीत वर राहिला. आत उभे असलेल्यांचे बूट दिसत होते. एकाचा बूट खाजवत होता दुसऱ्या पायाला, आणि लोक हसायला लागले. तुम्हाला आठवत असेल.

घरी येऊन बाबा म्हणाले, मला कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, मी निरोप दिला होता. बाबा म्हणाले, कुणाजवळ? तेव्हा काका, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच. मी मान खाली घातली. आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे. माझीच चूक."

मग बाबा जे जे बोलले ते सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. एका आठवड्यात तुमचं मशीन उचलून नेलंत.

मी लहान होते असं तुम्ही म्हणाल. तेव्हा लहान होते. पण नंतरची सात वर्षं होती की. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असून मी गप्प बसायचे, शेवटी जायचंच बंद केलं, तेव्हा घरात सगळे म्हणाले पोर लाजाळू आहे. लाजाळू आहेच. पण लाजाळूपणाच्या मागे किती काय लपवता येतं ते मला माहीत आहे. अस्तराच्या गठ्ठ्यामागे एक उशी मावते. लाजाळूपणामागे सात वर्षं मावली.


संध्याकाळी सहा

सांगून टाकलं. दोघांना. पत्र तुम्हाला द्यायच्या आधी घरात सांगायला पाहिजे होतं, नाहीतर पुन्हा तेच झालं असतं, निरोप अर्ध्या वाटेवर.

चार वाजता टेबलाखालून उशी काढली, कागद सोडला आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला, उलट फिरवला, सुलट फिरवला. म्हणाले, ही सभागृहाची मखमल आहे. लाल आहे ना? त्यांनी प्रत्येक तुकडा आखूड कापला त्यामुळे ठाणाच्या शेवटी जे उरलं होतं ते तुम्ही नेलं होतंत, आम्हाला माहीत पण नव्हतं. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वजनांपासून उलट मागे गेले, शिडीपर्यंत. कागदावर लिहून घेतलं नव्हतं.

आई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग बंद झाला. ती बाहेर आली. उशी बाबांच्या पाठीमागे नीट बसवली, एकदा ठोकली, पुन्हा बसवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की डॉक्टरांनी मागच्या वेळी विचारलं होतं, सख्खा भाऊ आहे का. "मी नाही म्हणाले होते," म्हणाली. मग ती पदराने डोळे पुसत बसली. म्हणजे आमच्या घरात लपवणारी मी एकटीच नाही.

बाबांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले.  मग म्हणाले, "या डोळ्याने तू नुसती धुरकट दिसतेस. पण आवाज आज पहिल्यांदा स्वच्छ आला."

बाकी जे म्हणाले ते शेवटी सांगते.

आता विनंती. नीट लिहिते, पेढीतल्या बाईंनी सांगितलं तसं.

काल बाबांच्या प्लेटलेट ब्याऐंशी हजार होत्या, आपोआप वाढतायत. सोमवारी वीस तारखेला चौथी फेरी आहे, तोपर्यंत लाखावर गेल्या तर फेरी वेळेवर होईल. डॉक्टर म्हणतात फेरी पुढे ढकलायची नाही, औषध कमी करायचं नाही, गाठी मागे हटतायत तोवर रेटायचं. पण त्यासाठी तीस तारखेपासून पुढचे चार-सहा दिवस प्लेटलेट देणारी माणसं तयार पाहिजेत. लिफ्टवाल्याच्या चढवलेल्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा खाली आल्या होत्या. कधीकधी शरीर परक्यांच्या टिकू देत नाही म्हणतात. सख्ख्या भावाच्या जास्त टिकायची शक्यता असते, जुळल्या तर. जुळतीलच असं नाही, चारात एकदा जुळतात. त्यासाठी आधी तुमचं थोडं रक्त तपासायला द्यावं लागेल, ते या आठवड्यात व्हायला हवं. नात्यातल्या माणसाची पिशवी असली की तिच्यावर आधी किरण सोडून घेतात, ते दवाखान्यातच होतं, त्याची काळजी नको. देताना ओठांना मुंग्या येतात, तेवढं बाईंना सांगायचं, त्या वेग कमी करतात. आधीचे तीन दिवस अंगदुखीची गोळी घ्यायची नाही. खाऊन यायचं. तुमचं वजन पन्नासच्या वर आहे, ते मी त्या दिवशी बघितलं.

नाही जुळल्या तरी वहीतल्या आठ जणांना मी तीस तारखेला फोन करणार आहे. ते नाही म्हणाले तर नवव्याला. चिठ्ठ्या लावायला अजून दोन केस कापायची दुकानं आणि एक छापखाना ठरवलाय. तुम्ही नाही म्हणालात तरी मी थांबणार नाही, हे धमकी म्हणून नाही लिहिलं. तुम्हाला ओझं वाटू नये म्हणून लिहिलं. तुम्हाला एकदा परत पाठवलंय मी. तुम्ही मला परत पाठवलंत तर तो तुमचा हक्क आहे.

पण मी मागायला येणार.


ता. १६, गुरुवार
सकाळी दहा

हे शेवटचं पान तुमच्या दुकानासमोरच्या लाकडाच्या वखारीच्या कट्ट्यावर बसून लिहिते आहे. अक्षर म्हणून असं आलंय. तुम्ही आत मशीनवर आहात. पिवळं कापड आहे. दाराशी एक बाई कव्हरांचं बोलतायत, त्या जायची मी वाट बघत नाहीये. पान पूर्ण झालं की त्यांच्यासमोरच आत येऊन पत्र तुमच्या हातात देईन आणि पुन्हा या कट्ट्यावर येऊन बसेन. सावकाश वाचा. पानं बरीच आहेत.

बाबांनी काल तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. आधी तो इथे लिहिणार होते. मग वाटलं, नको. तुमचा निरोप माझ्या तोंडातून बाहेर पडला नाही म्हणून एवढं सगळं झालं. हा मी तोंडानेच सांगणार आहे. एकच वाक्य आहे, येताना रस्ताभर पाठ करत आले.

वाचून झालं की मान वर करून समोर बघा. तुम्ही हात केलात की मी येईन. नाही केलात तरी दुकान बंद होईपर्यंत इथेच आहे.

तोंड रिकामं ठेवलंय.

तुमची
टाचणी